‘काळी बुरशी’ काळी कशी ठरली?

म्युकरमायकोसिस हा शब्द २०२१च्या मे महिन्यात घरोघरी पोचला, पण लोकांच्या तोंडी बसली ती ‘काळी बुरशी’. आजार मात्र जुनाच. माणसातल्या संसर्गाचं वर्णन १८८५ साली झालं होतं. १९५०च्या दशकात त्यावरचं औषध, अँफोटेरिसिन-बी, सापडलं, तेही मातीतल्या एका जीवाणूत. पेनिसिलिनची गोष्ट बरोबर उलटी: जीवाणूंवरचं ते औषध बुरशीत सापडलं. मधली काही दशकं पुस्तकांत ‘झायगोमायकोसिस’ हे नाव चाललं. डीएनएच्या पुराव्यावरून २००७मध्ये ज्या कवकवर्गावरून ते पडलं तो वर्गच मोडीत निघाला आणि जुनं नाव परत आलं. हा घोळ तज्ज्ञांपुरता होता.

रंगाचा घोळ सगळ्यांना भोवला. या कवकाचे तंतू रंगहीन असतात. शिळ्या पावावर काळे ठिपके दिसतात त्या बीजाणूंच्या पिशव्या, म्हणजे नाव अगदीच निराधार नाही. पण रुग्णाच्या टाळूवर किंवा नाकात दिसणारा काळा रंग बुरशीचा नव्हेच. तंतू रक्तवाहिन्यांत घुसतात, रक्त गोठतं, पुढचा भाग मरतो आणि काळा पडतो. खरोखरची काळी कवकं वेगळी. त्यांच्या पेशीभित्तिकेत मेलॅनिन हे गडद रंगद्रव्य असतं आणि आजारही दुसरे होतात.

नाव रंगावरून पडलं म्हटल्यावर लोक काळं काय ते शोधत सुटले. फ्रिजमधल्या कांद्यावरची काळी पूड पाहून कांदे फेकले गेले. ती ॲस्परजिलस नायजर, सर्वस्वी वेगळ्या गटातली. पाठोपाठ ‘पांढरी’ आणि ‘पिवळी’ बुरशीही बातम्यांत उगवली. पांढरी म्हणजे बहुधा कँडिडा, जी एरवीही अनेकांच्या तोंडात आणि आतड्यात असते.

या सगळ्यात साखर मागे पडली. म्युकरचे बीजाणू माती, पालापाचोळ्यात सदैव असतात आणि श्वासातून आत जातात. धडधाकट शरीर त्यांना जुमानत नाही. अनियंत्रित मधुमेहात रक्त आम्लधर्मी झालं की प्रथिनांना बांधलेलं लोह सुटतं आणि कवकाला आयतं मिळतं. त्यात करोनावरची स्टेरॉइड्स: साखर चढते, पांढऱ्या पेशी ढिल्या पडतात. करोनाआधीही या आजाराचं प्रमाण भारतात जगाच्या मानाने कितीतरी जास्त होतं, ते मधुमेहामुळेच. ‘काळी’ऐवजी ‘साखरेची बुरशी’ म्हटलं असतं तर निदान ग्लुकोमीटर तरी बाहेर निघाले असते.

त्याच मे महिन्यात केंद्राने राज्यांना हा आजार साथरोग कायद्याखाली नोंदवायला सांगितलं. हा कायदा १८९७चा, मुंबईच्या प्लेगसाठी केलेला. माणसाकडून माणसाला न होणाऱ्या आजाराला तो लावणं विचित्र दिसलं, पण अँफोटेरिसिनच्या इंजेक्शनांचा तुटवडा असताना मोजणी हवीच होती. जुलैच्या मध्यापर्यंत देशात ४५ हजारांवर रुग्ण नोंदले गेले, सर्वाधिक महाराष्ट्रात.