हात पुढे का आला नाही?

ठेच लागून पडताना माणूस आधी हात टेकतो. ठरवून नव्हे; ठरवायला तेवढा वेळच नसतो. म्हणून तळवे खरचटतात आणि तोंड वाचतं. 'एक लिटर अश्रू' या जपानी मालिकेच्या सुरुवातीला पंधरा वर्षांची अया पडते, तेव्हा हात पुढे येतच नाहीत आणि तिची हनुवटी फुटते. अशा मालिकांमध्ये नायिकेच्या आजाराची चाहूल सहसा नाकातून आलेल्या रक्ताने किंवा भोवळीने लागते. इथे खटकते ती जखमेची जागा. मेंदूविकारतज्ज्ञही नेमका असाच विचार करतात, आणि म्हणूनच मला ही मालिका तिच्या जातकुळीतल्या इतर मालिकांपेक्षा मोलाची वाटते.

कोरियातल्या २००० सालच्या 'ऑटम इन माय हार्ट'पासून प्रेम आणि असाध्य आजार ही जोडी आशियाभर लोकप्रिय झाली. तिथे नायिकेला रक्ताचा कर्करोग होतो. पण अशा कथांमध्ये आजार बहुतेकदा निमित्तापुरता असतो. नायिका फिकट होत जाते, तशीच देखणीही राहते. २००५ साली फुजी टेलिव्हिजनवर आलेल्या 'एक लिटर अश्रू'च्या मुळाशी मात्र एक खरी रोजनिशी आहे. जपानमधल्या तोयोहाशीची कितो अया १९६२ साली जन्मली, पंधराव्या वर्षी तिच्या आजाराचं निदान झालं आणि १९८८ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी ती गेली. हातात पेन धरता येईनासं होईपर्यंत ती लिहीत राहिली. मालिकेतला तिच्यावर जीव लावणारा वर्गमित्र हारुतो मात्र रोजनिशीत नाही. प्रेमकथा पदरची आहे, आजार खरा आहे.

या आजाराला स्पायनोसेरेबेलर डीजनरेशन म्हणतात. हे एका आजाराचं नाव नसून गोतावळ्याचं आहे. त्यात प्रामुख्याने लहान मेंदू आणि त्याला मज्जारज्जूशी जोडणारे मार्ग हळूहळू झिजतात. लहान मेंदू डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या वर असतो. आकाराने तो एकूण मेंदूच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढा, पण मेंदूतल्या सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी जवळजवळ ६९ अब्ज एकट्या त्याच्यात असतात. त्यातल्या पुरकिंजे पेशी फांद्या पसरलेल्या, दिसायला विलक्षण सुंदर. एकेका पेशीला लाखाहून अधिक जोडण्यांतून संदेश मिळतात. हालचाल कुठे थांबवायची, किती जोर लावायचा, याचा हिशोब इथून बाहेर पडतो.

भरलेली समजून रिकामी बादली उचलली की हात झटकन वर जातो. लहान मेंदूने आधीच वजनाचा अंदाज बांधलेला असतो आणि तो चुकतो. एरवी तो अंदाज इतका बिनचूक असतो की त्याची आठवणही होत नाही. या रुग्णांचा अंदाज प्रत्येक हालचालीत चुकतो. स्नायूंत ताकद असते, पण पेल्याकडे नेलेला हात पेल्याच्या पुढे जातो किंवा अलीकडेच थांबतो. डॉक्टर रुग्णाला स्वतःच्या नाकाला आणि मग समोर धरलेल्या बोटाला आळीपाळीने हात लावायला सांगतात. लक्ष्य जवळ येईल तसं बोट अधिकच हेलकावे घेऊ लागतं. चालताना पाय फाकतात, वळताना तोल जातो. पाहणाऱ्याला वाटतं, हा पिऊन आला आहे. हा गैरसमज या रुग्णांच्या वाट्याला फार येतो आणि तो फार बोचतो.

पुढे बोलणं अडखळतं, गिळताना ठसका लागतो. अन्न श्वासनलिकेत जाऊन होणारा न्यूमोनिया अनेकदा शेवटचं कारण ठरतो. अयासारख्या रुग्णांना हे सारं कळत असतं, कारण विचार, आठवणी, माया बहुतांशी शाबूत राहतात. अकरा भागांत मालिका हे उरकते. प्रत्यक्षात अयाने दहा वर्षं एकेक गोष्ट सुटताना पाहिली. मला रडवतं ते हे. त्यासाठी हारुतोची गरज नव्हती.

अयाच्या हयातीत या आजारांमागची जनुकं सापडलेली नव्हती. पहिलं १९९३ साली हाती लागलं. यातल्या अनेक आनुवंशिक प्रकारांत जनुकाच्या रासायनिक लिपीतली सी-ए-जी ही तीन अक्षरं गरजेपेक्षा जास्त वेळा लिहिली गेलेली असतात. त्यांपैकी 'टाइप २' या प्रकाराच्या जनुकात ती साधारण २२ वेळा असायला हवीत. ३३ किंवा त्याहून जास्त झाली की आजार संभवतो. त्यातून बनणारं प्रथिन बेढब होतं, गुठळ्या करतं आणि पेशी खंगत जातात. पुनरावृत्ती जितकी लांब तितका आजार लवकर सुरू होतो, आणि पिढीगणिक ती लांबत जाऊ शकते. आईवडिलांपैकी एकाला असा प्रकार असेल, तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. भारतातही हे आजार आहेत. हा टाइप २ आपल्याकडे बराच आढळतो, तर टाइप १२ हा जगात विरळ असलेला प्रकार प्रामुख्याने उत्तर भारतातल्या अगरवाल समाजात दिसला आहे. त्याची सुरुवात बहुधा हातांच्या कंपाने होते.

या आनुवंशिक प्रकारांची झीज थांबवणारं सिद्ध औषध आजही नाही. जपानमध्ये २००० सालापासून टाल्टिरेलिन हे औषध दिलं जातं, त्याचा उपयोग मर्यादित आहे. व्यायामाचं तसं नाही. तोल सावरण्याचा, वळण्याचा, पडताना स्वतःला झेलण्याचा सराव आठवड्यातून अनेकदा करून घेतला, तर चालणं मोजण्याइतकं सुधारतं, हे जर्मनीतल्या अभ्यासांत दिसलं आहे. झिजणारा लहान मेंदूही शिकू शकतो. मात्र सराव थांबला की मिळवलेलं ओसरू लागतं, म्हणून तो रोज घरीच करावा लागतो, शेजारी कोणीतरी उभं राहून.