असंसदीय शब्दांची ती यादी नक्की आली कुठून

जुलै २०२२ मध्ये 'जुमलाजीवी', 'बालबुद्धी', 'शकुनी', 'चमचागिरी' असल्या असंसदीय, म्हणजे सभागृहात न शोभणाऱ्या शब्दांची यादी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागली तेव्हा पुण्यात आमच्या नेहमीच्या अमृततुल्यात दोन दिवस दुसरा विषय नव्हता, आणि सगळ्यांचं पालुपद एकच, बंदी घातली बंदी घातली. बंदी बिंदी काही नव्हती हो. संसदेत, राज्यांच्या विधानसभांत, अगदी बाहेरच्या कॉमनवेल्थ देशांतसुद्धा जे शब्द आधीच कामकाजातून काढून टाकलेत त्यांचं ते संकलन, नि ही पद्धत १९५४ पासूनची आहे असं लोकसभा अध्यक्ष ओम बिर्लांनी तेव्हाच सांगितलं. मागे तर याचं ११०० पानी पुस्तकच निघालंय!

मुळात हे लागतं कशाला, तर घटनेच्या कलम १०५ मुळे. खासदार सभागृहात काहीही बोलला तरी त्यावरून त्याला कोर्टात खेचता येत नाही (आमदारांना हेच संरक्षण कलम १९४ ने), मग आवरणार कोण, अध्यक्षच. लोकसभेच्या कामकाजाच्या नियम ३८० ने ते शब्द काढायला सांगतात आणि छापील कामकाजात तिथे नुसत्या चांदण्या (***) उरतात. प्रथा अर्थात ब्रिटिशांची. तिकडे समोरच्याला खोटारडा म्हणायची सोय नाही म्हणून १९०६ मध्ये चर्चिलने 'शब्दयोजनेतली अचूकता ढळली' अशा थाटाचं काहीतरी म्हणून वेळ मारून नेली, आपल्या सदाशिव पेठेत हे कुणाला शिकवावं लागलं नसतं.

पण मला सगळ्यात भारी वाटतो तो गोडसेंचा किस्सा. १९५६ मध्ये सभागृहात 'गोडसे' शब्द काढून टाकला गेला, संदर्भ उघड आहे, पण यादीत गेलं ते नुसतं आडनाव. पुढे २०१४ ला नाशिकमधून शिवसेनेचे हेमंत गोडसे निवडून आले, म्हणजे खासदाराचं स्वतःचं आडनावच असंसदीय! त्यांनी पत्र लिहिलं की आडनाव काय मी बदलू शकत नाही, त्यात माझा काय दोष. अध्यक्ष होत्या सुमित्रा महाजन, माहेर चिपळूणचं, गोडसे हे साधं मराठी आडनाव आहे हे त्यांना कुणी वेगळं सांगायची गरजच नव्हती. २०१५ मध्ये त्यांनी दुरुस्ती केली, आडनाव सुटलं आणि यादीत राहिलं ते फक्त 'नथुराम गोडसे'.