रिगुआल बंधू आणि पांचोस: दोन त्रिकुटांमधला फरक

जुन्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर गिटार घेतलेले तीन पुरुष दिसले आणि गाणे स्पॅनिश बोलेरो, म्हणजे संथ लयीचे प्रेमगीत, असले, की ते सख्खे भाऊ असावेत असे आपण सहज धरून चालतो. ‘लोस एर्मानोस रिगुआल’ आणि ‘त्रिओ लोस पांचोस’ यांची गल्लत होते ती यामुळेच. खरे तर उलगडा नावातच आहे. ‘एर्मानोस’ म्हणजे भाऊ; कार्लोस, मारिओ आणि पेद्रो रिगुआल हे क्यूबाचे सख्खे भाऊ, जे पुढे मेक्सिकोत स्थिरावले. ‘पांचो’ हे फ्रान्सिस्को या नावाचे लाडके रूप आहे, पण पांचोसच्या मूळ तिघांत एकही फ्रान्सिस्को नव्हता आणि त्यांचे आपसांत नातेही नव्हते.

पांचोस 1944 मध्ये न्यूयॉर्कमध्ये एकत्र आले. आल्फ्रेदो हिल आणि चुचो नाव्हारो हे मेक्सिकोचे, तर पहिला आवाज, म्हणजे मुख्य गायन, सांभाळणारे एर्नांदो आविलेस प्वेर्तो रिकोचे. हिल आणि नाव्हारो अनेक दशके टिकून राहिले, पहिल्या आवाजाची जागा मात्र बदलत गेली: बोलिव्हियाचे राउल शॉ मोरेनो आले, मग प्वेर्तो रिकोचे हुलितो रॉद्रिगेस, आणि पुढे तिथलेच जॉनी आल्बिनो. तरीही पांचोस ओळखू येतात, कारण त्यांची खूण हिल यांच्या रेकिंतोत आहे. ही लहान गिटार नेहमीच्या गिटारपेक्षा पाच अर्धस्वर वर, आपल्या भाषेत षड्जाऐवजी मध्यमावर लावलेली असते. 1964 मध्ये एडी गोर्मे यांच्यासह त्यांनी ध्वनिमुद्रित केलेले ‘साबोर आ मी’ ऐकावे. गायिकेच्या आधी रेकिंतोच बोलू लागते आणि ते सूर मनातून जाता जात नाहीत.

रिगुआल बंधूंची गोष्ट वेगळी आहे. गायक बदलण्याची सोय भावांच्या त्रिकुटाला नसते, आणि त्यांची कीर्तीही वादनशैलीपेक्षा त्यांच्या नावावरच्या गाण्यांवर उभी आहे. ‘कोरासोन दे मेलोन’ त्यांचेच. समुद्रकिनाऱ्यावरच्या उन्हाचे ‘क्वांदो कालिएंता एल सोल’ 1962 मध्ये इटलीत अतोनात गाजले. त्याच्या श्रेयावर निकाराग्वाचे राफाएल गास्तोन पेरेस यांचाही दावा सांगितला जातो, हे इथे नोंदवणे न्याय्य ठरेल. 1964 मध्ये ते इंग्रजीत गेले तेव्हा चाल तीच राहिली, पण किनारा आणि ऊन दोन्ही गळाले आणि त्यांच्या जागी बारमाही प्रेमाची मागणी आली. ‘रे चार्ल्स सिंगर्स’ यांनी गायलेले हे रूप अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या बिलबोर्ड यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले. त्यातले रे चार्ल्स म्हणजे ‘जॉर्जिया’ गाणारे विख्यात अंध गायक नव्हेत. ते त्याच नावाचे वेगळे वृंदगान-संचालक होते.