नॉटिकल मैल आणि नॉट: एक अंतर, दुसरा वेग

बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं, की नागपूरकर कान टवकारतात. पावसाळ्यात असली क्षेत्रं बरेचदा ओडिशा-छत्तीसगड ओलांडून विदर्भाकडे सरकतात आणि आपला मोठा पाऊस बराचसा त्यांच्याच भरवशावर असतो. त्या दिवसांत ‘तासाला ४० नॉट वेगाने वारे’ किंवा ‘वादळ किनाऱ्यापासून ३०० नॉट अंतरावर’ अशी वाक्यं अधूनमधून वाचायला मिळतात. दोन्ही चुकीची आहेत. पहिल्यात ‘तासाला’ फुकटचं आलंय आणि दुसऱ्यात तर एककच भलतं आहे. समुद्र पाच-सहाशे किलोमीटरवर असला म्हणून काय झालं, माप धड वापरायला काय हरकत आहे?

नॉटिकल मैल हे अंतराचं माप. तो बरोबर १८५२ मीटरचा. नॉट हे वेगाचं माप. एका तासात एक नॉटिकल मैल अंतर कापलं, तर वेग झाला एक नॉट, म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. स्कूटरच्या मीटरमध्ये एका खिडकीत गाडी आजवर किती किलोमीटर पळाली ते दिसतं आणि वर काटा वेग दाखवतो. नॉटिकल मैल त्या खिडकीतला आणि नॉट त्या काट्याचा. फरक एवढाच, की रस्त्यावर आपण ‘किलोमीटर’ आणि ‘ताशी किलोमीटर’ असं म्हणतो, म्हणून घोटाळा होत नाही. नॉटमध्ये ‘ताशी’ आधीच मुरलेलं आहे, वेगळं दिसत नाही, म्हणून लोक ते वरून पुन्हा लावतात. ‘ताशी नॉट’ याला अर्थच नाही असं नाही. त्याचा अर्थ होतो वेग वाढण्याचा दर, पण वाऱ्याच्या बातमीत तो कुणालाच अभिप्रेत नसतो.

हवामान खात्याची चक्रीवादळांची वर्गवारी मुळात नॉटवरच बेतलेली आहे. १७ ते २७ नॉट वारा असेल तर डिप्रेशन, २८ ते ३३ नॉट झाला की डीप डिप्रेशन आणि ३४ नॉट गाठला की चक्रीवादळ. ३४ नॉट म्हणजे ताशी ६२-६३ किलोमीटर. तोंडी हिशेब करायचा तर नॉटची दुप्पट करा आणि त्यातून दहा टक्के काढा. ४० नॉटचे ८०, त्यातून ८ गेले, राहिले ७२. खरं उत्तर ७४ आहे. चहा पिता पिता करायच्या हिशेबाला एवढं पुरे.

आता मैलाकडे वळू, कारण खरा गुंता तिथे आहे. नागपुरात मैल म्हटलं की झिरो माइल आठवणारच. बर्डीजवळच्या त्या खांबावर गावांची अंतरं कोरलेली आहेत: जबलपूर १७०, हैदराबाद ३१८. हे जमिनीवरचे मैल, १६०९ मीटरचे. जबलपूरचे १७० मैल म्हणजे सुमारे २७४ किलोमीटर होतात आणि रस्त्याने साधारण तेवढंच अंतर भरतं. तेच १७० नॉटिकल मैल धरले, तर अंतर ३१५ किलोमीटरवर जातं. एकाच आकड्यात एक्केचाळीस किलोमीटरचा फरक! समुद्राच्या बातमीत नुसतं ‘मैल’ छापलं की वाचणारा आपसूक जमिनीचा मैल धरतो. देशाच्या अनन्य आर्थिक क्षेत्राची हद्द किनाऱ्यालगतच्या आधाररेषेपासून २०० नॉटिकल मैल आहे, म्हणजे ३७० किलोमीटर. जमिनीच्या मैलाने मोजलं तर ती ३२२ वर येते. मासेमारीच्या हक्काचं आणि तेल-वायूच्या साठ्यांचं भांडण ज्या पट्ट्यावरून होतं, त्याची रुंदी अशी अठ्ठेचाळीस किलोमीटरने कापून टाकणं काही बारीकसारीक गोष्ट नव्हे.

मग समुद्राला वेगळा मैल हवाच कशाला? कारण तो थेट पृथ्वीवरून घेतलेला आहे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे साठ मिनिटं (कोनाची, घड्याळाची नव्हेत) आणि त्यातलं एक मिनिट म्हणजे एक नॉटिकल मैल. झिरो माइलचा दगड साधारण २१ अंश ९ मिनिटं उत्तर अक्षांशावर आहे. २१ गुणिले ६० झाले १२६०, त्यात ९ मिळवा. नागपूर विषुववृत्तापासून १२६९ नॉटिकल मैल उत्तरेला आहे, म्हणजे २३५० किलोमीटरच्या जवळपास. नकाशा नको, मोजपट्टी नको, नुसत्या अक्षांशावरून अंतर निघालं. किलोमीटरमध्ये एवढं सोपं करून दाखवा! पूर्ण पृथ्वीला फेरी मारली तर ३६० गुणिले ६०, म्हणजे २१,६०० नॉटिकल मैल होतात. शिडाच्या बोटीने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण झाली असं मानायला किमान इतकं अंतर कापावं लागतं, तो आकडा इथूनच आलाय.

पृथ्वी मात्र पुरती गोल नाही, ध्रुवांशी जराशी चपटी आहे. त्यामुळे अक्षांशाचं एक मिनिट विषुववृत्तावर सुमारे १८४३ मीटर भरतं आणि ध्रुवाजवळ १८६२. आपल्या नागपूरच्या अक्षांशावर ते १८४५ च्या आसपास आहे. प्रत्येक देश आपापला आकडा धरत होता. ब्रिटिशांचा मैल ६०८० फुटांचा होता. शेवटी १९२९ मध्ये मोनॅकोच्या जलसर्वेक्षण परिषदेत १८५२ मीटर ठरले. ब्रिटनने स्वतःचा आकडा सोडायला १९७० उजाडलं.

सागरी नकाशावर अंतर मोजताना याचा फायदा हातात दिसतो. कर्कटकाची दोन टोकं दोन ठिकाणांवर टेकवायची, तेवढाच उघडा कर्कटक उचलून नकाशाच्या डाव्या किंवा उजव्या कडेच्या अक्षांशपट्टीवर न्यायचा आणि मिनिटं मोजायची. जितकी मिनिटं, तितके मैल. दोन पथ्यं मात्र पाळावी लागतात. कर्कटक कडेला नेताना त्याच उंचीवर न्यायचा, कारण मर्केटर पद्धतीच्या नकाशात वर-वर जावं तशी पट्टी ताणली जाते. आणि वरच्या-खालच्या कडेची रेखांशपट्टी अंतरासाठी कधीही वापरायची नाही. रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जवळजवळ येत जातात. नागपूरच्या अक्षांशावर रेखांशाचं एक मिनिट फक्त १७३० मीटरच्या आसपास असतं. तिथून मैल मोजला की हिशेब कोलमडला.

नॉटचं मूळ मात्र दोरीत आहे आणि ही गोष्ट मला मैलापेक्षा जास्त आवडते. जुन्या जहाजावर वेग मोजायला पाव वर्तुळाच्या आकाराची एक लाकडी फळी असे. तिच्या गोल कडेला शिसं ओतलेलं, म्हणजे ती पाण्यात उभी राहून जागच्या जागी अडते. तिला लांब दोरी बांधलेली, दोरी रिळावर गुंडाळलेली, दोरीवर ठराविक अंतराने गाठी. एक खलाशी रीळ डोक्याच्या उंचीवर धरी, दुसऱ्याच्या हातात वाळूचं घड्याळ आणि तिसरा फळी मागे पाण्यात सोडी. सुरुवातीची काही दोरी मोकळी जाऊ द्यायची, कारण जहाजामागच्या खळबळत्या पाण्यातून फळी बाहेर पडायला हवी. तो मोकळा भाग संपला, हे कळावं म्हणून तिथे कापडाची चिंधी बांधलेली असे. चिंधी हातातून सरकली की घड्याळ उलटं. वाळू संपली की दोरी पकड. मधल्या वेळात हातातून जितक्या गाठी गेल्या, तितके नॉट.

गाठींमधलं अंतर ४७ फूट ३ इंच आणि घड्याळ २८ सेकंदांचं. करून बघा: २८ सेकंदांत ४७.२५ फूट, तर ३६०० सेकंदांत किती? ६०७५ फूट. आजच्या नॉटिकल मैलाचे फूट होतात ६०७६. वेग असा गाठी मोजून मिळे आणि त्यातून निघणारं अंतर मैलात वहीवर चढे.

हे प्रमाण सुरुवातीपासून इतकं नेटकं नव्हतं. आधी गाठी ४२ फुटांवर असत आणि घड्याळ ३० सेकंदांचं, कारण मैल ५००० फुटांचा समजत. रिचर्ड नॉरवुड नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १६३५ मध्ये लंडन ते यॉर्क अंतर मोजून अक्षांशाचा अंश किती लांब ते काढलं. मैल ६१२० फुटांच्या आसपास निघाला, म्हणून गाठी ५१ फुटांवर बांधा, असं त्याने सांगितलं. खलाशांनी ऐकलं नाही. पुढे कितीतरी वर्षं ते आखूड गाठींचीच दोरी वापरत राहिले. त्यात हट्ट होताच, पण शहाणपणही होतं. गाठी जवळजवळ असल्या की वेग आहे त्यापेक्षा जास्त मोजला जातो. खरे पाच मैल गेलो, तर वहीत सहा लिहिले जातात. किनारा अजून लांब असतो आणि वही सांगते, आलाच. मग रात्री पहारा वाढतो, शिडं कमी होतात. उलटी चूक झाली असती, तर वहीत किनारा लांब आणि जहाज खडकावर.

दोन्ही मापं एकाच जहाजावर शेजारीशेजारी बघायची असतील, तर आयएनएस विक्रांत घ्या. २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत ती नौदलात दाखल झाली. तिचा कमाल वेग २८ नॉट आणि नेहमीच्या प्रवासाचा १८ नॉट. एका दमात जाऊ शकेल ते अंतर सुमारे ७५०० नॉटिकल मैल. ७५०० ला १८ ने भागलं की ४१७ तास, म्हणजे सतरा दिवसांहून थोडं जास्त. भागाकार एवढा सरळ होतो, कारण मापांची जोडी एकमेकांसाठीच आहे. एरवी २८ नॉट म्हणजे ताशी ५२ किलोमीटर. वर्धा रोडवरचं पोरगं हसेल, पण पंचेचाळीस हजार टनांचं जहाज त्या वेगाने पाणी कापतं.

आयएनएसव्ही तारिणी या नौदलाच्या शिडाच्या बोटीचा हिशेब याच्या उलट बाजूचा. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी १० सप्टेंबर २०१७ ला गोव्याहून निघून २१ मे २०१८ ला पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. २१,६०० नॉटिकल मैलांहून जास्त अंतर, २५४ दिवस. बंदरातले मुक्काम धरून सरासरी काढली तर साडेतीन नॉट पडते. भराभर चालणाऱ्या माणसाएवढा वेग, आणि एवढ्यावर जग पालथं घातलं.

एक बारीक खाच सांगायलाच हवी. दोरीवरची ती फळी पाण्यात अडलेली असते, म्हणून तिने मोजलेले नॉट पाण्याच्या तुलनेत असतात. समोरून दोन नॉटचा प्रवाह असेल, तर सहा नॉटने पाणी कापणारी बोट तळाच्या जमिनीच्या हिशेबाने चारच नॉट पुढे सरकते. जीपीएस चार दाखवेल आणि दोन्ही यंत्रं खरी असतील. मैल मात्र नकाशावरचा, जमिनीला धरून असलेला. म्हणून किती वेळात पोहोचू, याचा भागाकार जमिनीच्या हिशेबातल्या नॉटनेच करायचा.

हे नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरही तसंच चालतं, कारण विमानांनी मापं जहाजांकडूनच घेतली. तिथला वाऱ्याचा अहवाल नॉटमध्ये असतो आणि हवाई मार्गाचं अंतर नॉटिकल मैलात. नागपूर ते मुंबई सरळ रेषेत सुमारे ३७० नॉटिकल मैल. हिवाळ्यात वरच्या थरात पश्चिमेचे वारे जोरात असतात. मुंबईहून येणाऱ्या विमानाला ते पाठीमागून मिळतात, जाणाऱ्याला तोंडावर. मैल तेवढेच, हवेतला वेगही तोच, तरी घड्याळात फरक पडतो.

नागपूरच्या अंबाझरी तलावावर एनसीसीच्या नौदल शाखेची मुलं शिडाच्या छोट्या होड्या शिकतात. ‘सर, तासाला पाच नॉट लागलं,’ असं एखाद्याने म्हटलं, की ‘नुसतं पाच नॉट म्हण रे बाबा’ हे आलंच. पण तलावात एक तास सरळ कुठून जाणार? तिथे सहा मिनिटांचा हिशेब कामाचा. सहा मिनिटं म्हणजे तासाचा दहावा भाग, म्हणून नॉटच्या आकड्याला दहाने भागलं की सहा मिनिटांत कापलेले मैल मिळतात. पाच नॉटला अर्धा मैल, ९२६ मीटर. मैलाच्या दहाव्या भागाला दर्यावर्दी केबल म्हणतात, तो १८५ मीटरचा. केबलमध्ये मोजायचं तर भागाकारही नको: पाच नॉट, सहा मिनिटं, पाच केबल.