पार्श्वभूमी : मॅग्नेशियमची शिफारस ४२०, मर्यादा ३५०

मॅग्नेशियमविषयी वाचणाऱ्याला हमखास बुचकळ्यात टाकणारे दोन आकडे आहेत, आणि ते दोन्ही एकाच अहवालातले आहेत. १९९७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या आहारविषयक अहवालाने तिशी ओलांडलेल्या पुरुषांसाठी रोज ४२० मिलीग्रॅम आणि स्त्रियांसाठी ३२० मिलीग्रॅम मॅग्नेशियमची शिफारस केली. त्याच अहवालाने प्रौढांच्या सेवनाची वरची मर्यादा ३५० मिलीग्रॅम ठरवली. पुरुषाने जेवढे घ्यावे असे सांगितले त्याहून कमी आकड्यावर ‘याच्या पुढे जाऊ नका’ अशी रेघ मारलेली दिसते. खुलासा अहवालातच आहे: शिफारस अन्न, पाणी आणि गोळ्या या सगळ्यांची मिळून आहे, तर मर्यादा केवळ गोळ्या, पावडरी आणि औषधे यांतून येणाऱ्या मॅग्नेशियमला लागू होते. परंतु तक्ते जेव्हा एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात उतरतात तेव्हा तळटीप बहुधा मागेच राहते, आणि मग पालेभाजी व डाळी भरपूर खाणाऱ्यालाही आपण मर्यादा ओलांडतो आहोत की काय अशी शंका येते.

ही मर्यादा कोठून आली हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते, कारण माणसाला मॅग्नेशियमची पहिली ओळख रेचक म्हणून झाली आणि अन्नघटक म्हणून ते फार उशिरा ओळखले गेले. इंग्लंडमधील एप्सम गावच्या कडू पाण्याची ख्याती सतराव्या शतकाच्या पूर्वार्धापासूनची आहे. गुरे ते पाणी तोंडी लावेनात, अशी कथा १६१८ सालची म्हणून सांगितली जाते. शतक संपता संपता त्या पाण्यातील लवण वेगळे काढून विकले जाऊ लागले होते. १७५५ च्या सुमारास एडिंबरा येथे मॅग्नेशिया (मॅग्नेशियमचे पांढरे संयुग) हा चुन्याहून निराळा पदार्थ असल्याचे दाखवले गेले, १८०८ मध्ये लंडनमध्ये विजेच्या साहाय्याने मॅग्नेशियम धातू विलग झाला आणि १८२९ मध्ये आयर्लंडमध्ये मॅग्नेशियाचे द्रवरूप औषध आम्लपित्तावर दिले गेले. या सगळ्या काळात मॅग्नेशियम म्हणजे पोट साफ करणारे किंवा पोटातली जळजळ शमवणारे औषध, एवढीच समजूत होती. आतड्यात पूर्णपणे न शोषले जाणारे हे लवण स्वतःभोवती पाणी धरून ठेवते आणि त्यामुळे जुलाब होतात. या साध्या गुणधर्माला पुढे १९९७ मध्ये अनपेक्षित महत्त्व आले.

शरीराला मॅग्नेशियम लागतेच, हे विसाव्या शतकात सिद्ध झाले. १९२६ मध्ये फ्रान्समध्ये उंदरांच्या वाढीसाठी त्याची गरज दिसून आली. १९३२ मध्ये बाल्टिमोरच्या प्रयोगशाळेत मॅग्नेशियम जवळजवळ काढून टाकलेला आहार दिल्यावर उंदरांच्या कातडीतील रक्तवाहिन्या रुंदावल्या, ते कमालीचे अस्वस्थ झाले आणि झटके येऊन मेले. त्याच सुमारास नेदरलँड्समध्ये कोवळ्या गवतावर चरणाऱ्या गाईंना होणाऱ्या झटक्यांच्या आजाराचा संबंध रक्तातील मॅग्नेशियम घटण्याशी जोडला गेला. माणसांत मात्र असे चित्र सहज दिसेना, कारण निरोगी मूत्रपिंड टंचाईच्या काळात मॅग्नेशियम बाहेर जाऊ देत नाही आणि ते मोजण्याची साधनेही त्या काळी किचकट होती. १९५५ मध्ये ऑस्ट्रेलियात विकसित झालेल्या, अणूंनी शोषलेल्या प्रकाशावरून प्रमाण ओळखणाऱ्या अणुशोषण पद्धतीने हे मोजमाप सोपे केले. अमेरिकेतील डॉक्टरांनी मद्यपाश्यांमधील कंप आणि भ्रम यांच्याशी या घटकाचा संबंध तपासायला सुरुवात केली. १९६० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये काही स्वयंसेवकांना अनेक आठवडे मॅग्नेशियमविना आहार दिला गेला, तेव्हा त्यांच्या रक्तातील कॅल्शियम आणि पोटॅशियमही घसरले, आणि मॅग्नेशियम परत दिल्यावरच ते पूर्ववत झाले. माझ्या मते या विषयातील सर्वांत निर्णायक प्रयोग हाच आहे. १९६८ मध्ये अमेरिकेच्या शिफारस-तक्त्यात मॅग्नेशियम प्रथमच दाखल झाले ते पुरुषांना ३५० आणि स्त्रियांना ३०० मिलीग्रॅम या आकड्यांनिशी.

त्यानंतरचा सगळा वाद मोजमापाभोवती फिरतो. प्रौढ शरीरात साधारण २५ ग्रॅम मॅग्नेशियम असते. निम्म्याहून अधिक हाडांत, उरलेले बहुतेक स्नायूंत आणि इतर पेशींत. रक्तद्रवात असते ते एक टक्क्याहूनही कमी, आणि प्रयोगशाळा तपासते ती नेमकी तेवढीच. लिटरमागे ०.७५ ते ०.९५ मिलीमोल ही सर्वत्र वापरली जाणारी ‘सामान्य’ कक्षा १९७१ ते १९७४ या काळात अमेरिकेत झालेल्या लोकसंख्या-पाहणीतून आली. याचा अर्थ त्या काळच्या अमेरिकी माणसांपैकी बहुतेक जण जेथे होते ती जागा सामान्य मानली गेली; त्यांचा आहार पुरेसा होता की नव्हता, हा प्रश्न त्या पाहणीने विचारलाच नव्हता. खालची रेघ ०.८५ पर्यंत वर न्यावी असा आग्रह काही संशोधक धरतात, आणि ती तशी नेली तर कालपर्यंत निरोगी ठरलेल्या पुष्कळ लोकांना एका रात्रीत कमतरता जडेल. कमतरतेच्या टक्केवारीचे जे आकडे छापून येतात त्यांमागे यांपैकी कोणती रेघ वापरली आहे हे पाहिल्याशिवाय ते वाचण्यात अर्थ नाही.

रक्ततपासणी भरवशाची नाही म्हटल्यावर गरज ठरवण्यासाठी संतुलन-अभ्यासांचा आधार घ्यावा लागला. माणसाने किती मॅग्नेशियम खाल्ले, लघवी आणि शौचातून किती बाहेर टाकले, याचा जमाखर्च मांडायचा आणि दोन्ही बाजू जुळतील तो आकडा गरज मानायचा. पद्धत कष्टाची असून तिच्यातील चुका एकाच दिशेने झुकतात, कारण ताटात उरलेले खाल्ले म्हणून मोजले जाते आणि घामातून गेलेले मोजलेच जात नाही. १९८९ च्या तक्त्यात पुरुषांचा आकडा ३५० व स्त्रियांचा २८० होता. आठ वर्षांनी तो ४२० आणि ३२० वर गेला तो अशाच मोजक्या अभ्यासांच्या बळावर. त्यांतील महत्त्वाच्या एका अभ्यासात नेहमीचा घरचा आहार घेणारे तीन डझनांहूनही कमी लोक वर्षभर तपासले गेले होते.

वरच्या मर्यादेचा निर्णय याहून वेगळ्या वाटेने झाला. अन्नातून मिळणाऱ्या मॅग्नेशियममुळे निरोगी माणसाला अपाय झाल्याचे समितीला आढळले नाही, म्हणून अन्न बाजूला ठेवले गेले. गोळ्यांच्या बाबतीत अपायाचे पहिले चिन्ह म्हणून जुलाब निवडले गेले. हृदयरुग्णांवरील एका छोट्या चाचणीत दिवसाला साधारण ३६० मिलीग्रॅमच्या मात्रेला काहींना पोटाचा त्रास झाला होता. हीच अपाय दिसलेली सर्वांत कमी मात्रा धरून, तिला अनिश्चिततेसाठी जवळजवळ कोणतीही कपात न लावता, ३५० हा आकडा निश्चित झाला. इतर घटकांच्या मर्यादा ठरवताना अपायकारक मात्रेला दोनने, पाचने किंवा दहाने भागण्याची रीत आहे. येथे ती टाळली गेली, कारण त्रास सौम्य आणि मात्रा थांबवताच बरा होणारा होता. युरोपच्या समितीने २००१ मध्ये तोच निकष घेतला, मात्र ज्या मात्रेला जुलाब दिसलेच नाहीत तेथे रेघ ओढली, आणि तिची मर्यादा २५० वर आली. म्हणजे एकच गोळी अटलांटिकच्या एका किनाऱ्यावर मर्यादेत बसते आणि दुसऱ्या किनाऱ्यावर मर्यादेबाहेर जाते.

या निर्णयावरचा आक्षेप असा की जुलाब लवणाच्या प्रकारावर, मात्रा एकदम घेतली की विभागून यावर आणि त्या माणसाच्या आतड्यावर अवलंबून असतात, आणि पुष्कळ चाचण्यांमध्ये ३५० पेक्षा जास्त मात्रा देऊनही लोकांनी ती सहन केली आहे. हा आक्षेप मला बराचसा पटतो. ज्या आकड्याला तक्त्यात अ जीवनसत्त्वाच्या विषारीपणाच्या पंक्तीत बसवले जाते, तो प्रत्यक्षात गैरसोयीचा आकडा आहे. तरीही मर्यादा उठवावी असे म्हणवत नाही, आणि त्याचे कारण अहवालाने मुख्य मानलेले नाही: मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसाला जास्तीचे मॅग्नेशियम बाहेर टाकता येत नाही आणि त्याचा रक्तदाब, श्वास आणि हृदयाचे ठोके धोक्यात येतात. जपानमध्ये मॅग्नेशियम ऑक्साइड हे बद्धकोष्ठावरचे घरोघरचे औषध आहे, आणि तेथील औषध नियामकाला २००८ मध्ये ते दीर्घकाळ घेणाऱ्या रुग्णांच्या रक्तातील मॅग्नेशियमवर लक्ष ठेवण्याची सूचना द्यावी लागली. १९९७ च्या त्याच अहवालातील कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाचे आकडे दशकभरानंतर नव्याने तपासले गेले. मॅग्नेशियमचे तसेच राहिले.

दरम्यान शिफारशीच्या पायालाही धक्का बसला. २००६ मध्ये अमेरिकेतीलच सरकारी पोषण-केंद्राने काटेकोर देखरेखीखालील २७ अभ्यासांतील २४३ जणांचा जमाखर्च एकत्र मांडला, तेव्हा तो दिवसाला १६५ मिलीग्रॅमच्या आसपास जुळला. सरासरी गरज इतकी कमी असेल, तर ४२० न गाठणारे सगळे कमतरतेचे बळी हे म्हणणे टिकत नाही. उलट बाजूचे अभ्यासक सांगतात की संतुलन साधणे म्हणजे साठा पुरेसा असणे नव्हे, आणि शरीर कमी पुरवठ्याशीही जुळवून घेते. युरोपच्या संस्थेने २०१५ मध्ये या वादात न पडता गरज निश्चित करण्याइतका पुरावा नाही असे नोंदवले आणि लोक प्रत्यक्षात जेवढे खातात त्यावरून पुरुषांना ३५० आणि स्त्रियांना ३०० हे आकडे पुरेसे म्हणून दिले. भारताची दिशा वरची राहिली: २०१० च्या तक्त्यात ३४० आणि ३१० असलेले आकडे २०२० मध्ये ४४० आणि ३७० झाले.

भारतीय ताटाच्या बाबतीत या वाढीचा अर्थ धान्यावर ठरतो. शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण १३० मिलीग्रॅम मॅग्नेशियम असते, बाजरी आणि नाचणीतही त्याच पट्ट्यातले; पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात ते २० च्या आसपास उरते, कारण बहुतेक भाग कोंड्याबरोबर निघून जातो. भाकरी, डाळ, शेंगदाणे आणि तीळ असलेल्या जेवणाला ४४० चा आकडा फारसा जड नाही, जरी याच धान्यांतील फायटेट या खनिजे धरून ठेवणाऱ्या संयुगामुळे शोषण काहीसे घटते. पांढरा भात, मैदा आणि साखर यांवर भागणाऱ्या जेवणाला तो गाठता येणे कठीण आहे, आणि गोळ्यांच्या जाहिराती ज्या ग्राहकाकडे पाहतात त्याचे जेवण बहुधा हे दुसरे असते.

औषध म्हणून मॅग्नेशियमचा इतिहास वेगळा आहे आणि तो पोषणाच्या चर्चेत वारंवार मिसळला जातो. गर्भारपणात रक्तदाब वाढून येणाऱ्या झटक्यांवर मॅग्नेशियम सल्फेटची इंजेक्शने विसाव्या शतकाच्या आरंभापासून दिली जात होती. १९९५ आणि २००२ च्या बहुदेशीय चाचण्यांनी त्यांचे श्रेष्ठत्व निर्विवाद केले. हृदयविकाराच्या झटक्यात मात्र उलटे घडले: १९९२ मध्ये इंग्लंडमधील सुमारे २,३०० रुग्णांच्या चाचणीने मोठी आशा दाखवली आणि १९९५ मध्ये ५८,००० रुग्णांच्या चाचणीने ती पुसून टाकली. शिरेतून किंवा स्नायूत दिलेल्या या मोठ्या मात्रांचा पुरावा रात्री झोपण्यापूर्वी घेतल्या जाणाऱ्या गोळीच्या समर्थनार्थ मांडणे गैर आहे. याउलट पोषणाच्या दृष्टीने खरोखर नवी असलेली बाब औषधांच्या दुष्परिणामांतून पुढे आली. ओमेप्राझोलच्या वर्गातील आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत मॅग्नेशियम धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते, असे २००६ मध्ये प्रथम नोंदले गेले आणि २०११ मध्ये अमेरिकी नियामकाने त्याबाबत इशारा दिला.

गोळ्यांच्या बाजारपेठेला खरी चालना वेष्टनावर छापायच्या आरोग्यविषयक दाव्यांच्या नियमांनी दिली. युरोपने २०१२ मध्ये मॅग्नेशियमसाठी दहा वाक्ये मंजूर केली, ज्यांत थकवा कमी होण्यापासून स्नायूंच्या कामापर्यंत बरेच काही आहे. हे दावे शरीरातील सामान्य कार्याविषयीचे असल्याने पुरेसे मॅग्नेशियम मिळणाऱ्याला जास्तीच्या गोळीने आणखी काही लाभ होतो असे त्यांतून निघत नाही. वयस्कांच्या पायात येणाऱ्या पेटक्यांवर, ज्यांसाठी त्या सर्रास घेतल्या जातात, एकत्रित पुराव्याला उपयोग आढळलेला नाही. रक्तदाबावर परिणाम आहे पण लहान: २०१६ मध्ये ३४ चाचण्या एकत्र केल्यावर रोज सुमारे ३६८ मिलीग्रॅम घेणाऱ्यांचा वरचा रक्तदाब सरासरी दोन अंकांनी उतरलेला दिसला. २०२२ मध्ये अमेरिकी नियामकाने रक्तदाबाविषयीचा दावा वेष्टनावर छापण्यास हरकत नसल्याचे कळवले, पण उपलब्ध पुरावा विसंगत आणि अनिर्णायक आहे हे त्याच वाक्यात लिहिण्याची अट घालून.