प्रोटीन स्किमर : समुद्रापासून दूर राहणाऱ्यांचे यंत्र

समुद्री मासे आणि प्रवाळ पाळायला खाऱ्या पाण्याची टाकी मांडायची ठरली की खर्चाच्या यादीत दिव्यांच्या खालोखाल स्किमरचा, म्हणजे बुडबुड्यांच्या फेसाबरोबर पाण्यातली घाण बाहेर काढणाऱ्या यंत्राचा, आकडा येतो. खोक्यावर ‘500 लिटरपर्यंत’ किंवा ‘1000 लिटरपर्यंत’ असे ठसठशीत छापलेले असते. ते वाचून घेणारा आपल्या टाकीचे लिटर मोजतो आणि त्याच्या दुप्पट आकड्याचा स्किमर उचलतो, कारण सगळे तसेच सांगतात. खरे तर तो आकडा ठरवण्याची सगळ्या कंपन्यांना लागू असलेली एकच पद्धत नाही. हे यंत्र कोणाच्या गरजेतून आले आणि कोणाला त्याच्यावाचून चालले, हे पाहिले की निवडीचा गोंधळ बराच कमी होतो.

सुरुवात लंडनची आहे. 1846 मध्ये ॲना थिन या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ दगडी बरणीत घालून लंडनला आणले. पाणी खराब होऊ नये म्हणून त्यांची मोलकरीण रोज उघड्या खिडकीपाशी अर्धा-पाऊण तास ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत बसे. पाण्यात हवा मिसळायला हवी हे त्यांनी बरोबर हेरले होते. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडले. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांनी चार क्षारांपासून समुद्राचे पाणी घरी बनवण्याची कृती प्रसिद्ध केली, कारण लंडनला समुद्राचे पाणी आणवणे महागात पडे. 1871 मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या मत्स्यालयात विल्यम आल्फर्ड लॉइड यांनी तळाशी अंधाऱ्या मोठ्या हौदात पाणी साठवले आणि ते पंपाने सतत फिरते ठेवले. आज घरच्या टाकीखाली पाण्याची दुसरी टाकी ठेवतात, तो ‘संप’ म्हणजे त्या हौदाचे छोटे रूप. पण पाण्यात साचत जाणाऱ्या घाणीवर लॉइड यांच्याकडे एकच उपाय होता : हौद खूप मोठा ठेवायचा.

जे समुद्राकाठी होते त्यांना ही चिंता नव्हती. न्यू कॅलेडोनियातल्या नुमेआ इथे रेने काताला आणि त्यांच्या पत्नीने 1956 मध्ये मत्स्यालय सुरू केले. समोरच्या खाडीचे पाणी टाक्यांतून वाहते ठेवून त्यांनी जिवंत प्रवाळ जगवून दाखवले. होनोलुलूचे वायकीकी मत्स्यालय 1904 पासून समुद्राच्या कडेलाच आहे. सगळ्यांत साधी पद्धत जकार्ताच्या ली चिन एंग यांची. किनाऱ्यावरचे जिवंत खडक (म्हणजे जीवजंतूंनी भरलेले), समुद्राचे पाणी, खिडकीतला उजेड आणि हवेचे थोडे बुडबुडे, एवढ्यावर त्यांनी प्रवाळ वाढवले. 1961 मध्ये त्यांचा लेख एका अमेरिकी मासिकात आला. युरोप-अमेरिकेत अनेकांनी तसे करून पाहिले आणि बहुतेकांच्या टाक्या कुजल्या. हजारो मैल प्रवास करून आलेल्या खडकावरचे निम्मे जीव वाटेतच मेलेले असायचे, आणि बादलीभर ताजे पाणी आणायला दाराशी समुद्र नव्हता.

स्किमर घडला तो जर्मनीत, आणि त्यामागचे कारण हेच. बर्लिनहून सर्वांत जवळ बाल्टिक, पण त्याचा खारेपणा खऱ्या महासागराच्या मानाने फारच कमी. म्हणजे प्रत्येक लिटर पाणी विकतच्या मिठातून बनवायचे आणि शक्य तितके दिवस पुरवायचे. 1960 च्या दशकात जर्मनीतल्या एर्विन सांडर यांच्यासारख्या कारागिरांनी घरगुती टाक्यांसाठी फेस काढणारे नळकांडे विकायला आणले. तत्त्व नवे नव्हते. खाणकामात ते जुनेच होते. 1877 मध्ये ड्रेस्डेनच्या बेसेल बंधूंनी ग्राफाइट बुडबुड्यांवर तरंगवून वेगळे करण्याचे पेटंट घेतले होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलमध्ये टाकाऊ ढिगाऱ्यांतून जस्त आणि शिसे याच युक्तीने काढले जाऊ लागले. टाकीसाठी फरक एवढाच की इथे फेसावर चढतो तो टाकून द्यायचा माल.

ही युक्ती आपल्या किनाऱ्यावरही दिसते. पावसाळ्यात दर्या खवळला की कोकणात वाळूवर पिवळट फेसाचे थर येऊन पडतात. पाण्यात विरघळलेल्या सेंद्रिय पदार्थांपैकी अनेकांच्या रेणूंचे एक टोक पाण्याला धरून राहते आणि दुसरे पाण्यापासून पळू पाहते. बुडबुडा दिसला की असा रेणू त्याच्या कडेला जाऊन चिकटतो. माशांच्या अंगावरचा बुळबुळीत स्राव, उरलेले खाणे, शेवाळातून झिरपणारे पदार्थ, बरेचसे याच जातीचे. बुडबुडे भरपूर, बारीक आणि सावकाश वर जाणारे असले की ते हा माल वर नेतात. नळकांड्याच्या अरुंद मानेतून फेस चढताना त्यातले पाणी निथळते आणि उरलेला चहाच्या रंगाचा, उग्र वासाचा काढा वरच्या कपात पडतो.

गोड्या पाण्यात हे नीट का जमत नाही, याचे उत्तर पुष्कळजण ‘पृष्ठताण’ असे देतात. ते अर्धवट आहे. खाऱ्या आणि गोड्या पाण्याच्या पृष्ठताणात फरक अगदी किरकोळ असतो. खरी गोष्ट अशी की गोड्या पाण्यात दोन बुडबुडे भिडले की चटकन एकमेकांत मिसळून मोठे होतात, आणि ठरावीक प्रमाणापुढे मीठ असले की हे मिसळणे रोखले जाते. 1993 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी वेगवेगळ्या क्षारांवर हे पद्धतशीर मोजून दाखवले. आश्चर्य म्हणजे काही क्षार बुडबुड्यांना रोखतात आणि काही अजिबात नाही. समुद्राच्या मिठाचा मुख्य भाग सुदैवाने रोखणाऱ्यांत मोडतो.

आता बर्लिन. 1970 च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या हौशी मंडळींनी एक पद्धत बसवली, ज्यात डीट्रिश स्ट्युबर यांचे नाव आघाडीवर आहे. भरपूर जिवंत खडक, प्रखर दिवे, चुन्याची निवळी आणि दमदार स्किमर, बाकी गाळण्या जवळजवळ बाद. चुन्याच्या निवळीचा आग्रह पेटर विल्केन्स यांचा. घाण कुजून नायट्रेट तयार झाल्यावर त्याच्या मागे लागण्यापेक्षा ती कुजण्याआधीच बाहेर काढायची, हा त्यातला विचार. स्ट्युबर यांच्या टाकीत वाढलेल्या ॲक्रोपोरा या दगडी प्रवाळाच्या फांद्या तोडून तोडून पुढे जगभर वाटल्या गेल्या. दगडी प्रवाळ घरात वाढतो, नुसता तग धरून राहत नाही, हे लोकांना पटले ते अशा फांद्यांमुळे.

अमेरिकेत मात्र वारे वेगळ्या दिशेने वाहत होते. 1986 मध्ये जॉर्ज स्मिट यांच्या लेखमालेने ठिबकणारी गाळणी लोकप्रिय केली. प्लास्टिकच्या गोळ्यांवरून पाणी झिरपते, त्यांवरचे जिवाणू अमोनियाचे नायट्रेट करतात. मासे मजेत राहतात, पण नायट्रेट साचतच जाते आणि दगडी प्रवाळांना ते मानवत नाही. 1990 च्या दशकाच्या पूर्वार्धात बर्लिनची रीत तिकडे पोहोचली, पेट्याच्या पेट्या भरून प्लास्टिकचे गोळे बाहेर फेकले गेले आणि त्या जागी स्किमर आले. तेव्हापासून ‘मोठ्यात मोठा घ्या’ हा सल्ला रूढ झाला तो आजतागायत.

विरोधकही होते. वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेत वॉल्टर एडी यांनी शेवाळाच्या गालिच्यावरून पाणी फिरवून ते स्वच्छ करण्याची पद्धत उभारली. त्यांचे म्हणणे, स्किमर प्रवाळांचे सूक्ष्म अन्नही ओढून नेतो. 1987 मध्ये उघडलेल्या ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सव्हिलच्या प्रचंड प्रवाळ-टाकीने सुरुवात याच पद्धतीवर केली, नंतर ती तिथे मागे पडली. पण एडींचा आक्षेप चुकीचा ठरला असे मला वाटत नाही. तो फक्त वीस-पंचवीस वर्षे आधी आला.

यंत्राच्या आतली गोष्ट मला जास्त रंजक वाटते, कारण तिच्यात जो तो बुडबुडा लहान करण्याच्या मागे लागलेला आहे. पहिले स्किमर लाकडी एअरस्टोनवर चालत. लिंडेन झाडाच्या लाकडाचा छोटा ठोकळा, त्यातून हवा दाबली की दुधासारखे बारीक बुडबुडे निघतात. बुडबुडे उत्तम, पण काही आठवड्यांत लाकूड चोंदते आणि बदलावे लागते. सुधारणा म्हणून पाणी वरून सोडून खाली न्यायचे आणि बुडबुडे त्याच्या उलट वर येऊ द्यायचे. दोघांची गाठ जास्त वेळ पडते, म्हणून नळकांडी माणसाएवढी उंच होत गेली. फ्लॅटमधल्या टाकीखाली ती मावणार कुठे? मग व्हेंच्युरी आली. पाण्याचा जोर अरुंद गळ्यातून नेऊन त्याच्या ओढीने हवा शोषायची. लाकडाची कटकट गेली, पण पंप दणकट हवा. त्यानंतर अमेरिकेत पाणी जोराने खाली आपटून फेस करणारे आणि कारंज्याच्या तोटीतून मारा करणारे प्रकार निघाले. फेस जबरदस्त, विजेचे बिलही तसेच.

हा पेच सुटला सुयांच्या चक्राने. पंपाच्या तोंडाशीच हवा आत सोडायची आणि पंख्याच्या पात्यांऐवजी दाट सुया बसवलेल्या चकतीने तिचे तुकडे करायचे. छोट्या पंपावर ढीगभर बारीक बुडबुडे मिळू लागले आणि उंच नळकांड्याची गरज संपली. युरोपी कंपन्यांनी हे तंत्र घासूनपुसून पक्के केले. हौशींनी तर सुयांच्या जागी प्लास्टिकची जाळी शिवून आणखी बारीक बुडबुडे काढले आणि काही कंपन्यांनी ती कल्पना नंतर उचलली. अलीकडच्या डीसी पंपांनी वेग कमी-जास्त करण्याची सोय दिली. आज बाजारात जे दिसते ते बहुतांशी याच सुयांच्या घराण्यातले.

एवढे होऊनही स्किमर किती घाण काढतो हे कोणी नीट मोजलेले नव्हते. ते काम पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ केन फेल्डमन यांनी 2009 च्या सुमारास केले. निष्कर्ष कंपन्यांना आवडण्याजोगे नव्हते. पाण्यातल्या एकूण सेंद्रिय कार्बनपैकी साधारण 20 ते 35 टक्के निघतो आणि मग आलेख सपाट होतो. उरलेला कार्बन बुडबुड्याला चिकटतच नाही, कितीही वेळ चालवा. वेगवेगळ्या बनावटींतला फरकही किमतीतल्या फरकाइतका मोठा नव्हता. 2010 मध्ये त्यांनी कपातला काढा तपासला. त्यातल्या घन भागात कॅल्शियम कार्बोनेट आणि सिलिका यांसारख्या असेंद्रिय गोष्टी भरपूर निघाल्या. पुढे जिवाणूंच्या मोजणीतून दिसले की स्किमर लावलेल्या टाक्यांत पाण्यातले जिवाणू खऱ्या प्रवाळबेटांपेक्षा बरेच कमी असतात. एडींचा आक्षेप इथे वेगळ्या वाटेने परत येतो.

दरम्यान जर्मन हौशींनी पाण्यात थोडी व्होडका किंवा व्हिनेगर घालून जिवाणू वाढवायचे आणि ते जिवाणू स्किमरने काढायचे, अशी रीत सुरू केली होती. विरघळलेले नायट्रेट आणि फॉस्फेट स्किमरला थेट काढता येत नाही. जिवाणूंनी ते खाल्ले की येते. काहींनी हे इतके ताणले की पाण्यात पोषण उरले नाही, प्रवाळ फिके पडले. आता तेच लोक टाकीत मोजून नायट्रेट घालतात आणि स्किमर रात्री बंद ठेवतात.

म्हणून निवड करताना मी लिटरच्या आकड्याकडे पाहणार नाही. टाकीत मासे किती, रोज खाणे किती, पाणी किती वेळा बदलता येते, हे आधी. मासे मोजके आणि मऊ प्रवाळ असलेल्या छोट्या टाकीत दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलणारा स्किमरशिवाय निभावून नेतो. ली चिन एंग यांचाच तो मार्ग, फक्त समुद्राच्या जागी मिठाची पिशवी. टँग आणि ट्रिगर यांसारखे भरपूर खाणारे मासे पाळायचे तर स्किमर हवाच, आणि तिथे तासाला किती लिटर हवा ओढतो, पंप किती वॅटचा, मान किती रुंद, हे विचारावे. फार मोठा स्किमर कमी घाणीच्या टाकीवर लावला की फेस मानेपर्यंत चढतच नाही. यंत्र बिघडले असे वाटते, पण चढायला मालच नसतो.

आपल्याकडे एक कायदेशीर बाजूही आहे. 2001 पासून दगडी प्रवाळ, काळे पोवळे, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. मालवणच्या पाण्यातून प्रवाळाचा तुकडा उचलून आणणे हा गुन्हा आहे. साहजिकच इथल्या बऱ्याच टाक्या माशांच्या भरवशावर उभ्या असतात, आणि मासे जास्त म्हणजे घाण जास्त.

चालवण्याचे म्हणाल तर नवा स्किमर एक-दोन आठवडे वेड्यासारखा वागतो. आतल्या प्लास्टिकवर थर बसेपर्यंत त्याला छेडू नये. संपमधली पाण्याची पातळी स्थिर हवी. बाष्पीभवनाने ती दोन बोटे उतरली तरी फेस बसतो, म्हणून गोडे पाणी आपोआप भरणारी सोय आधी करावी. मान दर आठवड्याला पुसावी, कारण तिच्यावर चिकट थर आला की फेस तिथेच फुटतो. हवेच्या नळीच्या तोंडाशी मिठाचे खडे साचतात, कोमट पाण्याने जातात. तेलकट खाणे घातल्यावर काही तास फेस खाली बसतो, त्यात काळजीचे काही नाही. एसी लावून बंद केलेल्या खोलीत स्किमर माणसांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड ओढून पाण्यात मिसळतो आणि पीएच घसरतो. हवेची नळी खिडकीबाहेर नेली की बहुधा सुधारतो.

आणि वीज. ती गेली की टाकीतले पाणी संपमध्ये उतरते आणि पातळी चढते. परत आली की बुडालेला स्किमर पहिल्याच मिनिटात कप भरून वाहू लागतो. इन्व्हर्टर असला तरी मुख्य पंपानंतर स्किमर पाच-दहा मिनिटे उशिरा सुरू होईल असा टायमर लावावा, आणि कपाच्या तळाची निचऱ्याची नळी झाकण असलेल्या वेगळ्या डब्यात सोडावी. डबा भरला की पाण्याबरोबर वर उचलल्या जाणाऱ्या फ्लोट स्विचने स्किमर बंद होईल अशी जोडणी फार महाग पडत नाही.