बॅबिलॉन ५ आता पाहावी का? चौकोनी चित्राची पार्श्वभूमी

भाच्यानं बॅबिलॉन ५ चा, म्हणजे अवकाशातल्या एका स्टेशनावर घडणाऱ्या १९९० च्या दशकातल्या अमेरिकन मालिकेचा, पहिला भाग जेमतेम पंधरा मिनिटं पाहिला अन मोबाईल माझ्याकडं सरकवून म्हणे, "मामा, हे तर जुन्या गेमसारखं दिसते, शिवाय दोन्ही बाजूनं काळ्या पट्ट्या. पाहू का सोडून देऊ?" धानाचं चुरणं चालू होतं, मशीनच्या आवाजात काय सांगणार, "पाहा तू" म्हणून मोकळा झालो. पण त्याचा प्रश्न काही चुकीचा नव्हता. ११० भाग, एकेक चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचा, म्हणजे ऐंशी तास झाले, अन आमच्या नागभीडकडच्या खेड्यात रेंज पाहता तेवढं डाउनलोड करायलेच महिना जाते. एवढा वेळ घालवायचा तर ते चित्र असं काहून दिसते, मधेच हिरो काहून बदलते, शेवटचा सिझन ढिला काहून पडला, हे आधी माहीत असलेलं बरं. गोष्ट काय आहे ते मी सांगत नाही, ते पाहताना कळतेच.

फिरत्या स्टेशनाची कल्पना काही या मालिकेची नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या एका भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकानं अवकाशात मैल-मैल लांब नळकांडी बांधायची अन ती स्वतःभोवती फिरवायची, म्हणजे आतल्या भिंतीवर माणसाले वजन जाणवते, असा हिशोब मांडला होता. गोफण फिरवत असली की दगड खाली पडत नाही ना, तसंच. मालिकेतलं स्टेशन पाच मैल लांब अन आत अडीच लाख जीव, ते हेच नळकांडं. खऱ्या दुनियेत आपला अंतराळवीर १९८४ साली साल्युत ७ वर जाऊन आला ते स्टेशन लांबीनं दीड एसटी भरेल एवढं, अन आत सगळे तरंगत. बस, मागचा इतिहास इतकाच पुरे.

मुख्य भानगड १९९३ पासून. फेब्रुवारी १९९३ मध्ये दीड तासाचा पायलट, म्हणजे मालिकेआधीचा नमुना भाग, आला, अन गंमत म्हणजे त्याच्या एकच महिना आधी, जानेवारीत, स्टार ट्रेकवाल्यांची डीप स्पेस नाइन सुरू झालेली, तीही स्टेशनवरच. बॅबिलॉनचा आराखडा डीप स्पेस नाइनच्या स्टुडिओले १९८९ मध्येच दाखवला होता, म्हणून कोणी कोणाचं उचललं यावर तेव्हापासून जी भांडणं लागली ती अजून मिटली नाहीत. माझं विचाराल तर दोन्ही पाहिल्यावर हा वाद फिका वाटते. डीप स्पेस नाइनचे १७६ भाग झाले, पैसा भरपूर, सेट भारी, अन तिनंही पुढं पुढं लांब चालणारी लढाईची गोष्ट धरली. बॅबिलॉनकडं पैसा कमी होता, पण पाच वर्षांची एकच गोष्ट, सुरुवात-मध्य-शेवट ठरवून, असा आग्रह पहिल्या दिवसापासून होता.

आज हे ऐकून कोणाले काही वाटत नाही, आज सगळ्याच मालिका तशा राहतात. तेव्हा टीव्हीवरची अवकाशाची मालिका म्हणजे या आठवड्याचं संकट या आठवड्यात संपलं, पुढच्या आठवड्यात सगळे जसेच्या तसे. इथं ११० पैकी ९२ भाग एकाच माणसानं लिहिले, तिसरा अन चौथा सिझन तर आख्खा त्याचाच. आमच्या झाडीपट्टीतलं नाटक माहीत असेल तर हे लवकर कळते, रात्री दहाले पडदा वर जाते अन पहाटेपर्यंत चालते, पहिल्या अंकात नुसती माणसं येतात-जातात, कोणाचं कोणाशी काय आहे ते समजतही नाही, अन रात्री दोन वाजता त्याच पहिल्या अंकातलं एखादं वाक्य परत येते तेव्हा मांडव एकदम गप्प होते. बॅबिलॉनचा पहिला सिझन म्हणजे तो पहिला अंक. कंटाळवाणा आहे, मी नाकारत नाही, दोन-चार भाग तर अगदीच टाकाऊ आहेत, पण त्यातलंच पुढं सगळं वापरलेलं आहे.

हिरो बदलला ते असं. पहिल्या सिझननंतर कमांडर गेला, दुसऱ्यापासून नवा कॅप्टन आला. लोकांनी तेव्हा काय काय अंदाज लावले, कोणी म्हणे नेटवर्कले चेहरा पसंत नव्हता, कोणी म्हणे पैशावरून बिनसलं. खरं कारण कमांडर झालेले ते नट २०१२ मध्ये वारल्यावर पुढच्या वर्षी लेखकानं सांगितलं, त्यांना मानसिक आजार होता अन तो जिवंतपणी उघड करायचा नाही असं दोघांत ठरलेलं. हे कळल्यावर पहिला सिझन परत पाहिला तर त्या माणसाकडं आपण वेगळ्याच नजरेनं पाहतो. तिसऱ्या सिझनमध्ये ते दोन भागांपुरते परत येतात, अन पहिल्या सिझनमधे गोष्टीत मारलेली गाठ तिथं सुटते. पात्र जाईल तर गोष्ट कशी वळवायची याची चोरवाट लेखकानं प्रत्येकासाठी आधीच ठेवलेली होती. म्हणजे "सगळं आधी ठरलेलं होतं" हेही खरं अन "मधात बदललं" हेही खरं, दोन्ही बाजूचे लोक उगाच भांडतात.

आता येतो त्या काळ्या पट्ट्यांवर, कारण याच एका गोष्टीवरून लोक मालिका सोडतात अन याच गोष्टीवर सगळ्यात जास्त चुकीचं सांगितलं जाते.

मी स्वतः लग्नाचं शूटिंग अन मिक्सिंग करत होतो, आधी व्हीएचएस, मग डिजिटल टेप, आता कार्ड. त्या काळात टीव्ही चौकोनी, चित्र ४:३, म्हणजे रुंदी चार तर उंची तीन. पुढं घरोघरी रुंद टीव्ही आले अन लोक १९९६-९८ च्या कॅसेटी घेऊन येऊ लागले, "भाऊ, सीडी करून द्या, पण फुल स्क्रीन पाहिजे, पट्ट्या नको." पहिल्यांदा मी ताणून दिली, तर नवरी रुंद झाली अन तिच्या सासूनं मलेच ऐकवलं. मग वरून-खालून कापून मोठं केलं, तर नवरदेवाचं बाशिंगच कापलं गेलं, वरात निघाली ती नुसत्या धडांची. चित्र जेवढं उतरलं तेवढंच असते, ते रुंद करायचं तर ताणा नाही तर कापा, तिसरा मार्ग नाही. टीव्हीच्या हिशोबानं ४८० ओळींचं चौकोनी चित्र १६:९ मध्ये, म्हणजे रुंद टीव्हीच्या मापात, बसवायचं तर ३६० ओळी उरतात, चौथा हिस्सा गेला, अन उरलेलं फुगवलेलं असल्यानं धूसर.

बॅबिलॉनमध्ये मात्र अर्धं काम वेगळं होतं. माणसांची दृश्यं फिल्मवर, सुपर ३५ वर घेतलेली, त्यात बाजूला जास्तीची जागा राहते, अन पुढं रुंद टीव्ही येणार हे धरून कॅमेरेवाल्यानं बाजूची फ्रेमही सांभाळलेली. म्हणजे ती दृश्यं खरोखर रुंद करता येत होती. पण जहाजं, लढाया, स्टेशन, हे सगळं कॉम्प्युटरवर, अन ते त्या वेळच्या चौकोनी टीव्हीच्याच मापाचं, तेवढ्याच ओळींचं. सुरुवातीले अमिगा कॉम्प्युटर अन त्यात व्हिडिओ टोस्टर नावाचं कार्ड, म्हणजे जी वस्तू तिकडचे छोटे व्हिडिओवाले टायटल अन मिक्सिंगसाठी घेत, त्यावर त्यांनी आख्खी अवकाशातली लढाई उभी केली. जहाजाचं प्लास्टिकचं मॉडेल बनवून त्यावर कॅमेरा फिरवायची जुनी रीत यांनी सोडून दिली, टीव्हीच्या मालिकेनं असं पहिल्यांदाच केलं. भाचा ज्याले जुना गेम म्हणते त्याच कामाले पायलटसाठी १९९३ साली एमी, म्हणजे अमेरिकेतला टीव्हीचा पुरस्कार, मिळालेलं आहे. अन त्यातली लढाऊ विमानं वळताना नाक मागं फिरवतात अन तरी आधीच्याच दिशेनं जात राहतात, हवा नाही तिथं तसंच व्हायले पाहिजे, हे पैसेवाल्या मालिकाही करत नव्हत्या.

मग रुंद आकारात कॉम्प्युटरचं कामही तेव्हाच काहून केलं नाही? निर्मात्यांच्या बाजूनं सांगतात की तपासायले रुंद मॉनिटर लागत होता अन त्याचा खर्च मंजूर झाला नाही. असेलही. मले तर त्यापेक्षा साधं कारण पटते, दर आठवड्याले भाग द्यायचा, तेव्हा कोणाच्या घरी रुंद टीव्ही नव्हता, अन "पुढं पाहू" म्हणून ढकललं. ते पुढं काही आलंच नाही.

२००० नंतर केबलवर अन मग डीव्हीडीवर मालिका रुंद करून दिली. माणसं बोलत आहेत तोवर चित्र साफ, अन बाजूले थोडं जास्तीचंही दिसते. बाहेरचं जहाज आलं की डोक्यावरून-खालून कापलेलं, धूसर. सगळ्यात वाईट म्हणजे मिसळलेली दृश्यं, माणूस अन कॉम्प्युटरचं काम एकाच फ्रेममध्ये, किंवा कोणी बंदूक चालवली, तो तुकडा फिल्मवरून घेता येत नव्हता, तयार व्हिडिओच कापून लावलेला. म्हणजे बोलता बोलता एकदम चित्र मातकट होते अन तुमच्या ध्यानात येते, आता काही तरी होणार. कथेचा घात असा चित्रानंच केला. किती तरी लोकांनी ही डीव्हीडी पाहून ठरवलं की मालिका भिकार दिसते, अन तेच मत आजवर फिरून राहिलं.

जानेवारी २०२१ मध्ये ते सुधारलं, म्हणजे मालिका "रिमास्टर" केली. माणसांची दृश्यं मूळ निगेटिव्हवरून परत स्कॅन केली, कॉम्प्युटरचं काम होतं तेवढ्यातूनच मोठं केलं, अन सगळं परत ४:३ मध्ये ठेवलं. त्यावरही बोंब झालीच, "रुंद होतं ते चौकोनी केलं, मागं नेलं" म्हणून. रुंदवाल्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही, नुसत्या माणसांच्या दृश्यांत बाजूची फ्रेम खरंच चांगली आहे. पण दोन मिनिटं रुंद अन दहा सेकंद चौकोनी असं तर दाखवता येत नाही, अन सगळं कॉम्प्युटरचं काम नव्यानं बांधायचा खर्च कोणी उचलला नाही. जे कापल्याशिवाय दाखवता येते ते चौकोनीच. बाशिंग कापून वर सासूच्या शिव्या खाल्लेला माणूस दुसरं काय म्हणणार.

"रिमास्टर" या शब्दानं इथंच घोळ होते. लोक समजतात, सगळं नवीन बनवलं. तसं नाही. चेहरे, मेकअप, कपडे इतके स्वच्छ झाले की परग्रहवाल्यांच्या कपाळाचं रबर कुठं चिकटवलं ते दिसते, अन त्याच्या शेजारीच जहाजं मऊ, थोडी पुसट. २०२३ च्या डिसेंबरात ब्ल्यू-रे आली तीही याच आकाराची. पायलटची तर अजून एक तऱ्हा, तो १९९८ मध्ये परत कापून, संगीत बदलून दाखवला, म्हणून दोन पायलट फिरतात. नंतरचाच पाहावा, तो जरा पळते.

फाईल मिळाली की आधी आकार पाहायचा. दोन्ही बाजूले काळ्या पट्ट्या असतील तर बहुतेक बरोबर वस्तू हाती आहे. पट्ट्या नसतील अन चित्र मधेच मातकट होत असेल तर ती जुनी रुंद प्रत, ती पाहून मालिकेवर राग काढू नये.

शेवटच्या सिझनचं थोडक्यात. ज्या नेटवर्कवर मालिका चालली ते चौथ्या सिझनपर्यंत बुडायले आलं, पाचवा होईल का नाही कोणालेच माहीत नव्हतं, म्हणून दोन सिझनचा मसाला चौथ्यात कोंबला. त्यामुळं चौथा असा धावते की जेवायले उठता येत नाही, अन मग दुसऱ्या केबल चॅनेलनं पाचवा घेतला तेव्हा हातात उरलं कमीच. पाचव्याचा पहिला अर्धा भाग मी पुढं ढकलत पाहिला, सांगायले लाज नाही. दुसरा अर्धा परत चांगला. विज्ञानकथांसाठीचे ह्यूगो पुरस्कार मिळाले ते १९९६ अन १९९७ चे, दुसऱ्या अन तिसऱ्या सिझनच्या एकेका भागाले, अन मलेही मालिका तिथंच सगळ्यात भरात वाटते.

तर पाहावी का? मी तरी पाहा म्हणतो, पहिल्या सिझनचा तेरावा भाग होईपर्यंत थांबून, अन सरळ क्रमानं. काही लोक १९९८ चा एक टीव्ही-सिनेमा आधी पाहायले सांगतात कारण त्यात जुन्या लढाईची गोष्ट आहे, ते ऐकू नये, तीन सिझन जे लपवून ठेवलं ते त्यात दीड तासात उघडं करून टाकलं आहे. ज्याले नुसती धूमधडाका लढाई पाहिजे त्यानं हा नाद करू नये, इथं राजदूत एकमेकाशी बोलतात, खूप बोलतात, अन ज्याले ग्रामपंचायतीचं राजकारण कळते त्याले हे लवकर लागू होते.

अजून एक, भाच्याले मुद्दाम सांगितलं नाही. शेवटचा भाग २५ नोव्हेंबर १९९८ ले दाखवला, अन खऱ्या आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचा पहिला तुकडा वर गेला २० नोव्हेंबर १९९८ ले, पाचच दिवस आधी. पण तो शेवटचा भाग शूट झालेला चौथ्याच सिझनमध्ये, मालिका बंद पडेल या भीतीनं, मग पाचवा मिळाला म्हणून राखून ठेवला. त्यामुळं जी महिला अधिकारी पाचव्या सिझनभर कुठंच दिसत नाही ती त्या भागात एकदम समोर येऊन उभी राहते. भाचा सध्या दुसऱ्या सिझनवर आहे, झूम करून पट्ट्या घालवायची सवय अजून गेली नाही त्याची.